सद्भावनेकडून उत्तरदायित्वाकडे : मुलांच्या संस्था आणि बालसुरक्षेच्या कायद्याची घडण

मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेवर त्या मुलांच्या सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी असते, हे तत्त्व आज स्वयंस्पष्ट वाटत असले, तरी भारतात ते कायद्याच्या भाषेत उतरण्यास विसावे शतक संपून एकविसावे सुरू व्हावे लागले. बालसुरक्षा या संज्ञेत दोन गोष्टी येतात. शाळा, वसतिगृह, आश्रमशाळा, बालगृह, क्रीडा प्रशिक्षण केंद्र किंवा स्वयंसेवी संस्था यांच्या छत्राखाली असलेल्या मुलाला तेथील शिक्षक, काळजीवाहक, स्वयंसेवक, देणगीदार वा पाहुणा यांपैकी कोणाकडूनही शारीरिक, मानसिक किंवा लैंगिक इजा पोहोचू नये, यासाठी आगाऊ उभारलेली व्यवस्था ही पहिली. आणि इजा झालीच तर ती न दडवता योग्य यंत्रणेपर्यंत पोहोचवण्याचे बंधन ही दुसरी. या दोन्ही गोष्टी कायद्यात कशा आल्या, हे पाहताना १९९१ मधील मडगावचे प्रकरण, त्यानंतरचा मुंबईतील अँकरेज खटला आणि २०१२ चा पोक्सो कायदा हे तीन टप्पे ओलांडावे लागतात. आणि प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सिद्ध होते, ती ही की संस्थाचालकाचा लौकिक हा मुलाच्या सुरक्षिततेचा पुरावा नसतो.

दयेचा वारसा

निराधार मुलांना आश्रय देण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तर १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने पंढरपुरात बालकाश्रम सुरू झाला. शासकीय पातळीवर मात्र मुलांकडे प्रथम पाहिले गेले ते गुन्हेगारीच्या चष्म्यातून. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह निघाले, १८७६ आणि १८९७ मध्ये सुधारशाळांचे कायदे झाले आणि १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने मुलांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याची शिफारस केल्यावर मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) आणि मुंबई (१९२४) या प्रांतांनी आपापले बालक अधिनियम मंजूर केले. मुंबईच्या अधिनियमाच्या अंमलबजावणीसाठी १९२७ मध्ये चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली.

या सर्व कायद्यांचा भर मुलाला कोठे ठेवावे यावर होता; ठेवल्यानंतर आत त्याचे काय होते, हा प्रश्न त्यांनी फारसा विचारला नाही. अनाथाश्रम व इतर धर्मादाय गृहांवर देखरेख ठेवण्यासाठी १९६० मध्ये केंद्रीय कायदा झाला, पण त्याचा रोख मान्यतापत्र, व्यवस्थापन समिती आणि हिशेब यांवरच राहिला. कर्मचाऱ्याचे पूर्वचरित्र तपासावे, मुलाला तक्रार करण्याची वाट असावी, पाहुण्यांवर नियंत्रण असावे, असे त्यात स्पष्टपणे कोठे आले नाही. आश्रय देणे हेच पुण्यकर्म असल्याने आश्रयदात्याची चौकशी करणे हा त्याचा अपमान मानला जाई. या समजुतीची किंमत पुढे मुलांनी चुकती केली.

बंद भिंतींआड मुलांचे काय होते, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात ठामपणे मांडला तो मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी. देशभरातील तुरुंगांत डांबलेल्या सोळा वर्षांखालील मुलांविषयी त्यांनी केलेल्या याचिकेवर १९८६ मध्ये न्यायालयाने आदेश दिले आणि त्याच वर्षअखेरीस संसदेने देशासाठी पहिला बाल न्याय अधिनियम मंजूर केला. तुरुंगाच्या भिंतीला अशा रीतीने एक झरोका पडला, परंतु खाजगी आश्रयगृहाची भिंत तशीच बंद राहिली.

मडगाव, १९९१

ती भिंत फुटली गोव्यात. फ्रेडी पीट्स नावाचा वृद्ध गृहस्थ मडगावात 'गुरुकुल' या नावाने मुलांचे आश्रयगृह चालवीत असे. गरीब आणि मोडक्या घरांतील मुले त्याच्याकडे राहत आणि गावात त्याची प्रतिमा परोपकारी माणसाची होती. एप्रिल १९९१ मध्ये तक्रार आल्यावर पोलिसांनी त्याला अटक करून त्याच्या घराची झडती घेतली, तेव्हा मुद्देमालात मुलांची २,३०५ अश्लील छायाचित्रे, निगेटिव्हच्या शंभराहून अधिक पट्ट्या, औषधे आणि सुया सापडल्या. मुलांचे लैंगिक शोषण तर होत होतेच, शिवाय परदेशांतून येणाऱ्या व्यक्तींना ती पुरवली जात असल्याचेही पुढे आले.

या मुद्देमालाचे महत्त्व केवळ पुराव्यापुरते नाही. दोन हजारांहून अधिक छायाचित्रे एका दिवसात काढली जात नाहीत. त्यांमागे वर्षांचा काळ, रासायनिक प्रक्रियेची सोय आणि ये-जा करणारी अनेक माणसे असावी लागतात. तरीही या काळात संस्थेत काय चालते हे बाहेर आले नाही, आणि मुलांना ज्याच्याकडे जाऊन सांगावे असा बाहेरचा माणूस सहजी मिळत नव्हता. अन्न, अंथरूण आणि शाळेची फी ज्याच्या हातून मिळते त्याच्याचविरुद्ध बोलायचे म्हणजे पुन्हा रस्त्यावर येण्याची तयारी ठेवायची, हे मुलांना पक्के ठाऊक होते.

खटला सहजासहजी उभा राहिला नाही. शीला बारसे यांनी या प्रकरणात सातत्याने हस्तक्षेप केला आणि आरोपीला जामीन मिळू नये, तसेच पुरावा गहाळ होऊ नये, यासाठी पाठपुरावा केला. मार्च १९९६ मध्ये मडगावच्या सत्र न्यायालयाने पीट्सला दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा दिली. आश्रयगृहाच्या आडून चाललेल्या बाललैंगिक शोषणाबद्दल भारतात झालेली ही पहिली मोठी शिक्षा मानली जाते. पीट्स २००५ मध्ये तुरुंगवासातच मरण पावला.

कायद्याची अपुरी भाषा

या खटल्यात गुन्हेगाराला शिक्षा झाली, त्याचबरोबर कायद्याची उणीवही उघडी पडली. त्या वेळी भारतीय दंड संहितेतील बलात्काराची व्याख्या केवळ स्त्रीवरील अत्याचाराला लागू होती. मुलग्यावरील अत्याचारासाठी कलम ३७७, म्हणजे 'निसर्गक्रमाविरुद्ध' संभोगाचे वसाहतकालीन कलम, एवढाच आधार उरत असे. स्पर्शाच्या स्वरूपाचे अत्याचार, मुलांची अश्लील छायाचित्रे काढणे, त्यांना अश्लील चित्रे दाखवणे, यांसाठी बालकांना डोळ्यांसमोर ठेवून रचलेले एकही कलम नव्हते. संस्थेने काय करायला हवे होते आणि ते न केल्याबद्दल कोणाला जबाबदार धरावे, याविषयी तर संहिता पूर्णपणे मौन बाळगून होती.

दरम्यान भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेला मान्यता दिली. या संहितेच्या कलम ३ मध्ये मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थांनी सुरक्षितता, आरोग्य, कर्मचाऱ्यांची संख्या आणि त्यांची योग्यता यांविषयी सक्षम अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या मानकांचे पालन करावे, हे पाहण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. लैंगिक शोषणापासून संरक्षणाची हमी कलम ३४ मध्ये स्वतंत्रपणे दिली आहे. मडगावात जे घडले ते या दोन्ही कलमांच्या थेट विरुद्ध होते आणि त्यामुळे देशांतर्गत कायदा बदलण्याच्या मागणीला आंतरराष्ट्रीय बांधिलकीचे बळ मिळाले.

त्या मागणीला पहिले उत्तर दिले गोव्यानेच. गोवा बाल अधिनियम, २००३ याने बालकांवरील लैंगिक अत्याचारांच्या स्वतंत्र व्याख्या केल्या, मुलगा आणि मुलगी दोघांनाही संरक्षण दिले आणि अशा खटल्यांसाठी बाल न्यायालयाची तरतूद केली. या कायद्यातील दोन तरतुदी मडगावच्या अनुभवातून जन्मल्या आहेत, हे वाचताक्षणी जाणवते. छायाचित्रे धुऊन देणाऱ्याला त्यांत मुलांचे अश्लील चित्रण आढळले, तर त्याने जवळच्या पोलीस ठाण्यास कळवलेच पाहिजे, ही पहिली. आणि कुटुंबीय किंवा रक्ताचे नातेवाईक यांच्यासमवेत नोंदणी झालेली असल्याखेरीज कोणत्याही मुलाला हॉटेल वा लॉजच्या खोलीत प्रवेश देऊ नये, ही दुसरी. अत्याचाराच्या साखळीत ज्यांनी स्वतः हात लावला नाही, पण ज्यांच्या दुकानातून वा खोलीतून ती साखळी गेली, त्यांनाही या तरतुदींनी उत्तरदायी केले. हे तत्त्व नऊ वर्षांनी देशाच्या कायद्यात आले.

मुंबई : अँकरेजचा खटला

मडगावचा निकाल लागला त्याच वर्षी, म्हणजे १९९६ मध्ये, मुंबईत टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून चाइल्डलाइन ही दूरध्वनी सेवा सुरू झाली. जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या सेवेचा १०९८ हा क्रमांक मुलांना स्वतः फिरवता येईल असा होता आणि त्यावरून केलेला फोन विनामूल्य होता. मुलाने संस्थेबाहेरच्या कोणाशी तरी बोलावे यासाठी जी वाट मडगावात नव्हती, ती निदान एका महानगरात तयार झाली.

तिची कसोटी लवकरच लागली. ब्रिटिश नौदलातील माजी सैनिक डंकन ग्रँट याने रस्त्यावरील मुलांसाठी 'अँकरेज' या नावाने दक्षिण मुंबईत आणि रायगड जिल्ह्यातील मुरूड येथे आश्रयगृहे काढली होती आणि त्याचा सहकारी ॲलन वॉटर्स तेथे येऊन राहत असे. २००१ मध्ये मुलांच्या तक्रारी चाइल्डलाइनपर्यंत पोहोचल्या. मुलांच्या संस्थांवर देखरेख ठेवण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या सदस्यांनी मुलांशी प्रत्यक्ष बोलून अहवाल दिला आणि न्यायालयाने त्याची दखल घेतल्यावर गुन्हा नोंदवला गेला. पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत जाण्याआधी मुलाच्या शब्दाला किती दारे ओलांडावी लागतात, हे या क्रमावरून दिसते.

मार्च २००६ मध्ये सत्र न्यायालयाने ग्रँट, वॉटर्स आणि संस्थेचा व्यवस्थापक या तिघांना दोषी ठरवले. जुलै २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. आणि १८ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. सदाशिवम व न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांच्या खंडपीठाने ती मुक्तता रद्द करून सत्र न्यायालयाचा निकाल पुन्हा कायम केला. ग्रँट आणि वॉटर्स यांना सहा वर्षांचा सश्रम कारावास झाला होता.

न्यायालयांचा हा लंबक मूलतः एका प्रश्नाभोवती फिरत होता : संस्थेवर अवलंबून असलेल्या मुलाची साक्ष कशी मोजायची? ही मुले तक्रार करण्यास इतका उशीर का लावतात, त्याच गृहात पुन्हा का परततात, त्यांच्या जबाबात तपशिलांचा फरक का पडतो, हे प्रश्न उलटतपासणीत त्यांच्याविरुद्ध हत्यारासारखे वापरता येतात. परंतु ज्याला रात्री झोपायला दुसरी जागा नाही, त्याचे परतणे ही संमती नसते आणि ज्याच्यावर आजवर कोणी विश्वास ठेवला नाही, त्याचे उशिरा बोलणे हा खोटेपणा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने या मुलांची साक्ष विश्वासार्ह मानली. त्या साक्षीवर आधारलेली शिक्षा टिकली, हे या निकालाचे खरे ऐतिहासिक मोल आहे.

पोक्सो : कर्तव्य कायद्यात आले

अँकरेजचा निकाल लागला तेव्हा दिल्लीत नव्या कायद्याची तयारी पुढे गेली होती. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाल अत्याचारविषयक अभ्यासात तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला होता आणि त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी एक वा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार अनुभवल्याचे सांगितले होते. अत्याचार केवळ मुलींवर होतो, ही समजूतही या अभ्यासाने खोडून काढली. मार्च २०११ मध्ये राज्यसभेत मांडलेले विधेयक मे २०१२ मध्ये दोन्ही सभागृहांनी मंजूर केले आणि १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, म्हणजेच पोक्सो, अमलात आला.

अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलामुलीला लागू असणाऱ्या या कायद्यात संस्थेच्या दृष्टीने चार गोष्टी मूलगामी आहेत. शैक्षणिक वा धार्मिक संस्था, रुग्णालय, बालगृह यांच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील व्यक्तीने अत्याचार केला, तर तो सामान्य अपराधापेक्षा गंभीर स्वरूपाचा मानला जातो, कारण मुलाने ठेवलेल्या विश्वासाचाच तेथे वापर झालेला असतो. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती असणाऱ्या किंवा घडण्याची आशंका असणाऱ्या कोणाही व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम २० हेच बंधन हॉटेल, लॉज, रुग्णालय, क्लब, स्टुडिओ आणि छायाचित्रण केंद्रांतील व्यक्तींवर टाकते, आणि येथे गोव्याच्या २००३ च्या कायद्याचा धागा राष्ट्रीय कायद्यात पुन्हा दिसतो. चौथी गोष्ट कलम २१ मधील शिक्षेची : माहिती दडवणाऱ्या सामान्य व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, परंतु आपल्या हाताखालील माणसाचा अपराध न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. पदाबरोबर अधिकार येतो तशी अधिक जबाबदारीही येते, हे या एका फरकातून कायद्याने सांगितले आहे.

या बंधनाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. तक्रार खरी की खोटी याचा निवाडा करण्याचे काम मुख्याध्यापक, विश्वस्त किंवा वसतिगृहाचा अधीक्षक यांचे नाही. माहिती कळताच ती पोहोचवणे एवढेच त्यांचे काम आहे. 'आधी आपण अंतर्गत चौकशी करू', 'संस्थेची बदनामी नको', 'पालकांची समजूत काढू' ही वाक्ये सद्भावनेने उच्चारली गेली, तरी कायद्याच्या नजरेत ती विलंब आणि लपवणूक ठरतात. सद्हेतूने माहिती देणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिले आहे, त्यामुळे भीतीची सबबही उरत नाही.

पुढे बाल न्याय अधिनियम, २०१५ ने मुलांना निवासी ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेची नोंदणी आणि तपासणी सक्तीची केली, आणि मार्च २०२० च्या पोक्सो नियमांनी चित्र पूर्ण केले. या नियमांनुसार मुलांना ठेवणाऱ्या किंवा त्यांच्याशी नियमित संपर्कात येणाऱ्या संस्थेने, मग ती शाळा असो, पाळणाघर असो की क्रीडा प्रबोधिनी, प्रत्येक शिक्षक व शिक्षकेतर, कायम व कंत्राटी कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक कालाने करावयाची असून त्यांना बालसुरक्षेचे प्रशिक्षणही द्यावयाचे आहे. मुलांवरील हिंसा तसूभरही खपवून घ्यायची नाही, या तत्त्वावर राज्य शासनाने बालसंरक्षण धोरण आखावे आणि मुलांशी संबंध येणाऱ्या सर्व संस्थांनी ते स्वीकारावे, असे नियम सांगतात.

कागद आणि वास्तव

कायदा इतका स्पष्ट झाल्यावरही वास्तव त्याच्या मागेच राहिले. केंद्र शासनाने देशातील बालसंगोपन संस्थांची जी पाहणी केली, तिच्या २०१८ च्या अहवालात ९,५८९ संस्थांची नोंद होती आणि त्यांपैकी जेमतेम एक-तृतीयांश बाल न्याय अधिनियमाखाली नोंदणीकृत होत्या. बिहारमध्ये टाटा इन्स्टिट्यूटच्या 'कोशिश' पथकाने आश्रयगृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले, म्हणजे हिशेबाच्या वह्यांसोबत तेथील रहिवाशांचे अनुभवही तपासले, तेव्हा मुझफ्फरपूर येथील मुलींच्या गृहातील अत्याचार २०१८ मध्ये उघडकीस आले. ते गृह शासकीय अनुदानावर चालत होते. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने या प्रकरणात एकोणीस जणांना दोषी ठरवले.

महाराष्ट्रातही कळवण्याच्या कर्तव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात माहिती असूनही ती न कळवल्याचा आरोप एका वैद्यकीय व्यावसायिकावर होता आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्याविरुद्धची कारवाई रद्द केली होती. २ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा चालू केली आणि माहिती असताना अपराध न कळवणे हा स्वतःच गंभीर गुन्हा असून त्यामुळे अपराध्याला पाठीशी घातले जाते, अशी भूमिका घेतली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर कंत्राटी सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप झाला, संतप्त नागरिक रेल्वेमार्गावर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळांतील सुरक्षेच्या उपायांसाठी समिती नेमली गेली. कंत्राटी कर्मचाऱ्याची पडताळणी आणि तत्काळ कळवण्याचे बंधन ही दोन्ही कलमे त्यापूर्वीच पुस्तकात छापलेली होती.

मडगावपासून बदलापूरपर्यंतच्या या प्रवासात प्रत्येक मोठे प्रकरण उघडकीला आले ते संस्थेबाहेरच्या कोणी तरी मुलाचे ऐकून घेतले म्हणून : कधी पालकाने, कधी पत्रकाराने, कधी दूरध्वनीपलीकडच्या कार्यकर्त्याने, कधी लेखापरीक्षकाने. म्हणून बालसुरक्षेची खरी कसोटी भिंतीवर लावलेले धोरण किंवा दारावरचा कॅमेरा ही नव्हे. संस्थेतील सर्वांत लहान मुलाला, संस्थाचालकाच्या परवानगीविना, ज्याच्याशी बोलता येईल असे माणूस आहे का, ही ती कसोटी आहे. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील प्रत्येक विश्वस्त मंडळाने, मुख्याध्यापकाने, प्रशिक्षकाने आणि वसतिगृह अधीक्षकाने हा प्रश्न आपल्या पुढच्याच बैठकीत विषयपत्रिकेवर घ्यावा, कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची नोंदवही उघडून पाहावी आणि १०९८ हा क्रमांक मुलांना तोंडपाठ आहे की नाही, हे मुलांनाच विचारावे. कायद्याने आपले काम बऱ्याच अंशी केले आहे. उरलेले काम संस्थांचे आहे आणि ते टाळण्याची मुभा आता कोणालाही नाही.